हमीभावावरची चर्चा: भांडण नको, पण गुळमुळीतपणाही नको. बैठक चालवायची कशी?

तिफण (प्रश्न)

तालुक्याच्या गावी वाचनालयात महिन्यातून एकदा अभ्यासमंडळ भरवायचं ठरतंय. बारा जण, दीड तास. पहिला विषय हमीभाव आणि बाजार समित्या. येणाऱ्यांत खुल्या बाजाराचे कडवे समर्थक आहेत, किसान सभेच्या डाव्या विचाराचे आहेत, एक अडत्या आहे, दोन शिक्षक आहेत, बाकीचे आपापल्या पक्षाचे. कोण काय बोलणार हे सगळ्यांना आधीच पाठ आहे आणि खरी अडचण तीच आहे.

'एकमेकांचा आदर राखा' छापाचे सल्ले नकोत, ते भिंतीवर लिहिलेले असतातच. बैठकीची प्रत्यक्ष पद्धत हवी आहे. कोणी किती वेळ बोलायचं, कोणत्या क्रमाने, कुठे बिघडतं आणि बिघडलं की काय करायचं? एकमत व्हावं ही अपेक्षा नाही. समोरच्याचं म्हणणं नीट कळावं आणि जमलंच तर आपलं थोडं हलावं, एवढंच.

---

ओटीवरचा

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद तत्त्व समजावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नसते, समोरच्याची तेवढी पाडायची. मराठीने 'वितंडवाद' रोजच्या वापरात ठेवला आणि नुसत्या 'वादा'चा अर्थ भांडण करून टाकला, यात आपल्या सगळ्यांचं थोडं चरित्र आलं.

तुम्हाला पहिला प्रकार हवाय. त्याचा कणा पूर्वपक्ष. खोडून काढण्याआधी विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीने मांडायची. बैठकीत तो असा बसवा.

विरुद्ध मताच्या दोघांची जोडी करा. पहिला चार मिनिटं आपली बाजू मांडेल. दुसऱ्याने ती दोन मिनिटांत स्वतःच्या शब्दांत परत सांगायची, पण चार मिनिटं ऐकताना काही लिहून घ्यायचं नाही. (लिहून घेणारा माणूस उत्तरं लिहीत असतो, म्हणणं नव्हे.) मग पहिल्याला एक मिनिट: 'बरोबर' म्हणायचं, नाहीतर काय सुटलं ते सांगायचं. त्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय दुसऱ्याची पाळी सुरू होत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच. तिसऱ्यांदाही पटलं नाही तर 'अजून नीट कळलेलं नाही' अशी नोंद करून पुढे जायचं, नाहीतर काही जण कधीच समाधानी होत नाहीत आणि सगळा वेळ खातात.

एका जोडीला दोन्ही बाजू मिळून चौदा मिनिटं लागतात. एका बैठकीत दोनच जोड्या घ्या, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. त्याआधी आकडेवारीच्या कागदावर पंधरा मिनिटं, नंतर खुली चर्चा पंचवीस, शेवटी प्रत्येकाने चिठ्ठी लिहायला दहा. उरलेली बारा मिनिटं उशिरा येणाऱ्यांची आणि चहाची. चहा मध्ये ठेवा, शेवटी नको. जोड्यांनंतर चहा झाला की तापलेले दोघे कप हातात घेऊन आपोआप बोलायला लागतात.

आता बिघडतं कुठे ते सांगतो, कारण खरं काम तिथेच आहे.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'म्हणजे'. 'म्हणजे तुमचं म्हणणं, शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दावणीला बांधा.' समोरच्याने असं म्हटलेलंच नसतं. शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ घेऊन तो बोलणाऱ्याच्या गळ्यात मारायचा, याला जुने लोक वाक्छल म्हणत. फेरमांडणीची सुरुवात ठरावीक करून टाका: 'तुम्हाला असं वाटतं, कारण...' यातलं 'कारण' महत्त्वाचं. नुसती भूमिका परत सांगणं सोपं असतं. कारण सांगताना मात्र समोरच्याच्या डोक्यात शिरावं लागतं.

दुसरा बिघाड सुराचा. शब्द तंतोतंत, पण आवाज नाटकातल्या खलनायकाचा. तो आला की चालकाने तिथेच थांबवून 'पुन्हा, साध्या आवाजात' एवढंच म्हणावं, कारणं देत बसू नये. तिसरा, 'आधी तुमच्या सरकारने काय केलं ते बोला.' याला फळ्यावर एक कोपरा ठेवा. मुद्दा तिथे लिहायचा आणि खुल्या चर्चेत घ्यायचा. लिहिला गेला की माणूस बऱ्यापैकी शांत होतो, टाळला तर आणखी पेटतो.

---

काळी_माती

पद्धत उत्तम, पण 'हमीभाव हवा की नको' असा विषय ठेवलात तर ती अर्ध्या तासात कोसळेल. तो एक प्रश्न नाहीच, त्यात बरेच प्रश्न गुंतलेत. आधी ते सुटे करा. फळ्यावर तीन रकाने आखा: मोजता येतं ते, अंदाज बांधावा लागतो ते, आणि आपल्याला काय जास्त मोलाचं वाटतं ते.

पहिल्या रकान्यात वाद घालू नये, कागद आणावा. उदाहरणार्थ 'दीडपट'. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४ ते २००६, अध्यक्ष स्वामीनाथन) हमीभाव भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा अशी शिफारस केली. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपटीची घोषणा झाली. आता एक म्हणतो 'दीडपट दिला', दुसरा म्हणतो 'फसवलं', आणि दोघे प्रामाणिक असू शकतात, कारण 'खर्च' कोणता हेच वेगळं धरलेलं असतं. ए२ म्हणजे खिशातून गेलेले पैसे: बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल, पाणी. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल. सी२ मध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरतात. सरकारचा दीडपट ए२ अधिक एफएलवर आहे. २०२४-२५ च्या सोयाबीनला हा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता. त्याची दीडपट ४,८९१.५०, आणि हमीभाव जाहीर झाला ४,८९२. हा हिशोब फळ्यावर मांडला की 'दिला की नाही' हे भांडण संपतं आणि खरा प्रश्न वर येतो: स्वतःच्या जमिनीचा खंड खर्चात धरावा का? तो तिसऱ्या रकान्यातला प्रश्न आहे. त्यावर दोन शहाणी माणसं आयुष्यभर वेगळी राहू शकतात.

आता सगळ्यात उपयोगी आकडा. केंद्र सरकारने नेमलेल्या शांता कुमार समितीच्या २०१५ च्या अहवालात आलं की हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के. हाच आकडा दोन्ही छावण्यांचे लोक खिशात घेऊन फिरतात. एक म्हणतो, सहाच टक्क्यांना मिळतो तर ही व्यवस्था कशाला पोसायची? दुसरा म्हणतो, सहाच टक्क्यांना मिळतो म्हणून तर कायदा हवा! बैठकीत हा आकडा सुरुवातीलाच द्या आणि दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी लिहा. आकडा कुठलीही बाजू आपोआप घेत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसलं की पुढचा तासभर स्वर बदलतो.

दुसऱ्या रकान्यात, म्हणजे अंदाजांत, 'का' हा प्रश्न टाका. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली होता, तरी बराचसा माल सरकारी खरेदी केंद्रावर का गेला नाही? इथे तुमच्या अडत्याला बोलू द्या, त्याला नेमकं माहीत असतं. ओलाव्याची १२ टक्क्यांची अट (त्या हंगामात पुढे १५ पर्यंत सैल केली), ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावरची पीकनोंद, बारदाना, पैसे जमा व्हायला लागणारे दिवस. आणि दिवाळीच्या तोंडावर रोख देणारा व्यापारी दारात उभा असतो. ही यादी डाव्या-उजव्या कुणाचीच नाही. म्हणूनच विरुद्ध मतांच्या जोडीला पहिलं संयुक्त काम हेच द्या: दोघांनी मिळून अशी सात कारणं लिहायची.

एक सूचना. 'शेतकऱ्याचं मत' असं काही धरून चालू नका. महाराष्ट्रात तर अजिबातच नाही. शरद जोशींची शेतकरी संघटना १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून उत्पादन खर्चावर आधारित भाव मागत होती आणि तीच पुढे खुल्या बाजाराच्या बाजूने उभी राहिली. वरवर कोलांटउडी वाटते. त्यांचा युक्तिवाद मात्र एकच होता: सरकार भाव पाडतं, म्हणजे शेतकऱ्याला उणे सबसिडी देतं, तेव्हा एकतर भरपाई द्या नाहीतर हात काढा. २०२० च्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर जे बसले तेही शेतकरी, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत सुधारणांच्या बाजूचे अनिल घनवट होते तेही शेतकरी संघटनेचेच. किसान सभेच्या मंडळींकडून उणे सबसिडीची फेरमांडणी करून घ्या, आणि खुल्या बाजारवाल्यांकडून सी२ ची. दोघांनाही घाम फुटेल.

---

तिफण

तीन रकाने घेतोच. पण पक्षाचा शिक्का कसा पुसायचा? मुद्दा कुणी मांडला यावर ऐकायचं की नाही हे ठरतं. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याच्या कपाळाला आठ्या.

---

सव्वाशेर

शिक्का पुसता येत नाही, पण तो आपल्याला किती फिरवतो हे तपासता येतं. कांदा घ्या. निर्यातबंदी डिसेंबर २०१० मध्ये आली तेव्हा केंद्रात संपुआ (काँग्रेसची आघाडी). सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा रालोआ (भाजपची आघाडी). एका पानावर चार घटना लिहा: त्या वेळचा भाव, बंदीची तारीख, उठवल्याची तारीख. सरकारचं नाव आणि साल मात्र झाकून टाका. प्रत्येकाने प्रत्येक घटनेला 'योग्य', 'अयोग्य' किंवा 'सांगता येत नाही' लिहायचं आणि मगच झाकण काढायचं. चारही वेळा एकच उत्तर असेल तर मत तत्त्वावर उभं आहे. नाव कळल्यावर उत्तर बदलावंसं वाटलं तर ते त्याचं त्याला कळलं, जाहीर करायची गरज नाही. या उत्तरांच्या चिठ्ठ्या गोळा करू नका. हे महत्त्वाचं आहे. गोळा केल्या की तो प्रयोग न राहता परीक्षा होते, आणि परीक्षेत लोक कॉपी करतात.

यामागे अभ्यास आहे. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी फाशीच्या समर्थकांना आणि विरोधकांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा आणि एक विरोधातला. वाचून दोन्ही गट जवळ यायचे सोडून आणखी लांब गेले, कारण आपल्याला नको असलेल्या अभ्यासातल्या चुका प्रत्येकाला बरोबर दिसत होत्या. १९८४ च्या पुढच्या प्रयोगात काहींना 'निःपक्षपाती राहा' असं सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्यांना सांगितलं की हाच अभ्यास याच पद्धतीने उलट निष्कर्षाला आला असता तर तुम्ही तो इतकाच ग्राह्य धरला असता का, हे प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा. त्याने फरक पडला. म्हणून फलक लावायचाच असेल तर 'मोकळ्या मनाने ऐका' हा नको, 'हाच पुरावा उलट आला असता तर?' हा लावा.

आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण हल्ली तो उपदेश फार चालतो: 'विरोधी विचारांची खाती फॉलो करा, मन मोठं होईल.' २०१८ मध्ये ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे संदेश दाखवणारं खातं फॉलो करायला लावलं. रिपब्लिकन उलट अधिक पुराणमतवादी झाले. डेमोक्रॅट किंचित डावीकडे सरकले, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. उलट २०१६ मध्ये ब्रूकमन आणि काला यांनी मायामीत दारोदारच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दहा मिनिटांचं बोलणं, त्यात समोरच्याला स्वतःचा अनुभव आठवायला लावणारे प्रश्न, निवाडा न करता ऐकणं. त्याने झालेला मतबदल तीन महिन्यांनीही टिकला. म्हणजे विरुद्ध मत नुसतं डोळ्यांवर आदळून भागत नाही, प्रश्न विचारणारं माणूस समोर बसलेलं लागतं.

चर्चेत प्रश्न कसे विचारावेत? 'हे तुम्हाला पटतं तरी कसं?' हा प्रश्न नाही, ती चापट आहे. 'हे मत पहिल्यांदा कशामुळे बनलं?', 'यातला कोणता भाग तुम्हाला स्वतःलाही कच्चा वाटतो?', 'किती टक्के खात्री?' हे चालतात. टक्क्यांचा प्रश्न विशेष. 'शंभर टक्के' म्हणणारा माणूस सत्तर म्हणाला की उरलेल्या तीसबद्दल तो आपणहून बोलतो.

---

वेशीबाहेरची

वरचं सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एका गोष्टीवर सगळे उड्या मारून गेले आहेत. ही पद्धत खोलीतले बाराही जण सारख्या उंचीवर बसलेत असं गृहीत धरते.

हमीभावावर दोन बाजूंनी पूर्वपक्ष करणं ठीक. उद्या विषय आरक्षण किंवा जातनिहाय जनगणना आला, आणि तुम्ही दलित सदस्याला सांगितलंत की 'आता आरक्षणविरोधी बाजू तिच्या पूर्ण ताकदीने मांड', तर त्याला आणि त्याच्या सवर्ण जोडीदाराला पडणारा भार सारखा नाही. एकाला धोरणावर बोलायचंय, दुसऱ्याला स्वतःच्या लायकीवर. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला काही अटी लागतात: त्या जागेत समान दर्जा, समान उद्दिष्ट, मिळून काम, आणि संस्थेचा पाठिंबा. नुसतं एकत्र बसवलं की झालं, असं नाही.

म्हणून नियमात एक ओळ घाला: धोरण चर्चेला आहे, माणसाची किंमत चर्चेला नाही. 'आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा असावी का' हा विषय होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून त्यावर दोन्हीकडून गंभीर युक्तिवाद झालेत आणि ते वाचता येतात. 'त्यांची कुवतच नाही' हा विषय होऊ शकत नाही, आणि तसं वाक्य आलं तर 'तेही एक मत' म्हणून फेरमांडणीला द्यायचं नाही. चालकाने थांबवायचं. अशा विषयाला उलट बाजू घ्यायची सक्तीही नको, 'मी ही बाजू मांडणार नाही' म्हणायचा हक्क प्रत्येकाला हवा, कारण न विचारता.

आणि बारीक वाटलं तरी बघा: चहा कोण देतं, खुर्च्या कोण उचलतं, 'सर' कुणाला आणि 'ए' कुणाला. हमीभावावर बोलायला जमीन असलेलेच बारा जण असतील तर शेतमजूर बायकांचं म्हणणं कुठल्या रकान्यात जाणार? निंदणीची मजुरी तुमच्या ए२ मध्ये 'खर्च' आहे. त्यांच्या घरी तीच मिळकत आहे.

---

ओटीवरचा

मजुरीचा मुद्दा मान्य. तो आकडेवारीच्या कागदावरच हवा, आणि बारांत दोन जागा त्यांना हव्यात. सक्तीबाबतही तुमचं बरोबर, माझ्या पद्धतीत तो दरवाजा नव्हता. फक्त एक मतभेद. 'थांबवायचं' हे एकट्या चालकावर सोडलं तर तो आपल्या नावडत्या मतावरही शिट्टी वाजवू लागतो. वरचा नियम पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून शब्दशः मंजूर करून घ्या आणि चालक दर महिन्याला बदला, तोही आलटून पालटून विरुद्ध बाजूचा.

---

वेशीबाहेरची

चालक बदला, हरकत नाही. पण नियम मतदानाने शिथिल करता येणार नाही असंही त्यात लिहा.

---

खडू_फळा

व्हॉट्सअॅप गटाबद्दल कुणी बोललं नाही, आणि बैठका बहुतेक तिथेच मोडतात. महिन्यातले दीड तास खोलीत, बाकीचे एकोणतीस दिवस मोबाइलवर!

गट फक्त सूचनांसाठी ठेवा. सेटिंगमध्ये 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात' करा. चर्चा हवीच असेल तर वेगळा गट, आणि त्यात एकच अट: फॉरवर्ड बंद, स्वतः टाइप केलेलं चालेल. दोन बाणांचं चिन्ह आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का आलेला संदेश कुणाच्याही बाजूचा असो, काढायचा. बाजू बघून काढलात तर संपलं. बैठकीतलं कुणाचंही वाक्य नावासकट गटावर टाकायचं नाही आणि आवाज रेकॉर्ड करायचा नाही. आपलं मत हलतंय असं माणूस खोलीत बोलून दाखवेल, पण ते गावभर फिरणार असेल तर कधीच नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली तर अनुदानित वाचनालयाच्या सभागृहात राजकीय वाटेल असा विषय ठेवण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या, किंवा त्या महिन्यात बाजारभावाऐवजी पीकविमा अर्जाची माहिती ठेवा. प्रचाराच्या दिवसांत अशा बैठका तशाही फळत नाहीत. लोक बोलत नाहीत, मतदानकेंद्र सांभाळत असतात.

---

तिफण

पुष्कळ मिळालं. कागद तयार करायला घेतला. शेवटच्या दहा मिनिटांच्या चिठ्ठ्यांत नेमकं काय लिहून घ्यायचं?

---

ओटीवरचा

दोन ओळी, नाव न घालता. एक: 'आज समोरच्याची कोणती गोष्ट मला आधी माहीत नव्हती.' दोन: 'कोणता पुरावा मिळाला तर माझं मत बदलेल.' दुसरी ओळ कोरी राहिली तरी चालेल. पुढच्या बैठकीच्या आकडेवारीच्या कागदात त्यातल्या दोन-तीन पुराव्यांचा शोध घेऊन ठेवा. 'बिहारने २००६ मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला, तिथे शेतकऱ्याला मिळणारा भाव पुढे वाढला की पडला' असं कुणी लिहिलं तर ते शोधण्यासारखं आहे. आणि शोधायचं काम ज्याला ते उत्तर नको असेल त्यालाच द्या.

---

खडू_फळा

काळी_माती, एक विचारायचं होतं. तो ६ टक्क्यांचा आकडा देशाचा ना? कागदावर तसाच गेला तर आपल्या तालुक्याचा समजतील.

---

काळी_माती

हो, देशाचा, आणि तोही २०१२-१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढलेला. माझ्या वरच्या लिखाणात ते स्पष्ट नव्हतं. कागदावर आकड्याशेजारी साल आणि 'भारत' लिहा. तालुक्याचा हवा असेल तर खरेदी केंद्रावर नोंदणी किती झाली आणि प्रत्यक्ष माल किती जणांचा घेतला, हे दोन आकडे मागा. दोन्हींतला फरकच बैठकीला पुरेल.